रिकामं परत जाणारं कासव

तुम्हाला एका इमारतीत पत्रकं वाटायची आहेत. प्रत्येक मजल्यावर लांबलचक गॅलरी, गॅलरीच्या एकाच बाजूला ओळीनं दारं आणि दोन्ही टोकांना जिने. पहिल्या मजल्यावर डावीकडून सुरुवात करून तुम्ही उजव्या टोकाच्या दारापर्यंत आलात. आता वरच्या मजल्यावर जायचंय. समोरच जिना आहे. तो चढून लगेच तिथल्या दारापासून कामाला लागाल, की रिकाम्या हातानं सगळी गॅलरी उलट तुडवत डाव्या टोकाला जाल, तिकडचा जिना चढाल आणि पुन्हा डावीकडूनच सुरुवात कराल?

हसू नका. हा प्रश्न मी आजवर शाळकरी मुलांना, कॉलेजातल्या पोरींना आणि महसूल खात्यातून निवृत्त झालेल्या एका साहेबांनाही विचारला आहे. सगळे एकच उत्तर देतात: समोरचा जिना. आणि मी सगळ्यांना सांगत आले आहे की हे उत्तर चूक आहे. परत जा. रिकामे जा, पण डावीकडूनच सुरू करा. या वर्षी मात्र मला त्याची खात्री राहिलेली नाही. खात्री नसताना लिहायची मला सवय नाही, त्यामुळे हा लेख थोडा ठेचकाळत जाईल.

मी कॉम्प्युटर शिकवते. आठवडाभर वारज्यातल्या एका खासगी क्लासमध्ये, आणि रविवारी सकाळी आमच्या बिबवेवाडीतल्या विहाराच्या हॉलमध्ये, फुकट. संपादकांनी दिवाळी अंकासाठी 'कामाचे अनुभव' मागितले तेव्हा मी त्यांना म्हटलं की मी काही निवृत्त वगैरे झालेली नाही, माझं तर आत्ता कुठे सुरू झालंय. ते म्हणाले, 'अहो, निवृत्तांचे आलेत पुष्कळ. त्यांना सगळं कळलेलं असतं. तुम्ही न कळलेलं लिहा.' तेवढ्यावर हे लिहिते आहे.

आणखी एक सांगायला हवं. मी पत्रकांवर वाढले. पप्पा भोसरीच्या कारखान्यात होते आणि पाळी संपवून घरी आले की पत्रकं लिहायला बसायचे. पाण्याचं, सार्वजनिक संडासाचं, शाळाप्रवेशाचं. 'धरण भरून वाहतं, आमचा नळ कोरडा का?' असल्या मथळ्याचं अक्षर मी बालभारतीच्या आधी वाचलं. पत्रकात पहिल्या ओळीत आरोप असतो आणि शेवटच्या ओळीत मागणी. मधे 'कदाचित' हा शब्द येत नाही. मला घडवणारी भाषा ही अशी. तिनं माझं पुष्कळ भलं केलं. पण शिकवायच्या धंद्यात ती फार उपयोगाची नाही, हे मला उशिरा दिसलं, आणि नीट दिसलं असंही म्हणवत नाही.

आता धंद्याबद्दल. प्रोग्रामिंग शिकायला आलेल्या माणसाला आम्ही सुरुवातीला स्क्रीनवर एक छोटा बाण दाखवतो. त्याला कासव म्हणतात. 'पुढे जा' म्हटलं की ते पुढे जातं, 'वळ' म्हटलं की वळतं आणि चालताना मागे रेघ सोडत जातं. 'पेन उचल' म्हटलं की रेघ न काढता चालतं. त्याला एवढंच येतं आणि तो त्याचा मोठा गुण आहे, कारण ते आपल्या मनातलं ओळखायला जात नाही.

मग येतो लूप. लूप म्हणजे तेच काम ठरावीक वेळा करायचा हुकूम. 'ठिपका काढ, पुढे सरक' हे पुन्हा पुन्हा लिहीत बसायचं नाही. एकदाच लिहायचं आणि वर सांगायचं, हे दहा वेळा कर. ठिपक्यांची एक ओळ तयार. आता ओळीवर ओळी हव्या असतील तर त्या लूपला आणखी एका लूपच्या पोटात घालायचं. आतला लूप एक ओळ काढतो, बाहेरचा लूप किती ओळी ते बघतो. स्क्रीनवर ठिपक्यांची जाळी भरते. दोन-चार ओळींच्या हुकमातून एवढं मोठं चित्र भराभर उमटताना पाहिलं की माणसं पुढे झुकतात. ते झुकणं बघायला मी रविवारी लवकर उठते.

पण इथेच निम्मे लोक घसरतात. पहिली ओळ संपते तेव्हा कासव उजव्या टोकाला असतं. त्याला 'परत डावीकडे जा' असं कोणीच सांगत नाही. ते बिचारं तिथूनच दुसरी ओळ सुरू करतं, तिसरी त्याच्याही पुढून, आणि जाळीच्या जागी एक जिना तिरका चढत चढत स्क्रीनच्या बाहेर जातो. वारज्यातल्या एका चिमुरडीनं मला विचारलं होतं, 'टीचर, ते आता कुठे असेल?' मी म्हटलं, स्क्रीनच्या बाहेर. तिनं थोडा विचार केला आणि शेजारणीला सांगितलं, 'माझं हिंजवडीला गेलं. बाबांच्या ऑफिसला.'

हे समजावायला मी आमच्याच इमारतीचं उदाहरण घ्यायचे. झोपडपट्टी पुनर्वसनातली इमारत, वर सांगितली तशीच. बाहेरचा लूप म्हणजे मजले, आतला लूप म्हणजे दारं. मला हे उदाहरण फार आवडायचं. माझ्या घरातून आलेलं, कुठल्या पुस्तकातून उचललेलं नाही, याचा अभिमान होता.

दुसरा अभिमान एका नियमाचा. हॉलमध्ये येणाऱ्या प्रत्येकाच्या खांद्यामागे एक जाणकार उभा असतो. भाचा, नवरा, इंजिनिअरिंगला असलेला शेजारचा मुलगा. शिकणारी बाई अडखळली की जाणकार म्हणतो, 'थांब, दे इकडे.' माऊस हिसकावतो, दोन-चार ठिकाणी टिचक्या मारतो, चित्र बरोबर येतं. बाई म्हणते, 'हो हो, कळलं,' आणि पुढच्या रविवारी येत नाही. म्हणून मी हॉलच्या दारावर मोठ्या अक्षरात कागद चिकटवला: शिकवणाऱ्याचे हात मागे. मी स्वतःही हात पाठीमागे बांधून फिरते. त्या महसूलवाल्या साहेबांनी कागद वाचून विचारलं होतं की हे परिपत्रक कोणाच्या सहीनं निघालं आहे. मी म्हटलं, माझ्या. ते म्हणाले, 'मग ठीक,' आणि हात मागे घेतले.

आता सुजाता. सुजाता ओव्हाळ आमच्याच इमारतीतली, माझ्यापेक्षा लहान. शाळेत होती तेव्हा पप्पांच्या पत्रकवाटपात आम्ही दोघी असायचो. पुढे बी.ए. झाली आणि कपड्यांच्या एका मोठ्या दुकानात सेल्सगर्ल म्हणून लागली. शटर वर जातं तिथपासून ते खाली येईपर्यंत उभं राहायचं. गिऱ्हाईक नसलं तरी टेकायचं नाही, असा तिथला कायदा. रविवारी दुकान उघडायच्या आधी ती हॉलमध्ये यायची आणि खुर्चीत बसल्या बसल्या आधी पोटऱ्या चोळायची. पहिल्या दिवशी मी विचारलं की तुला प्रोग्रामिंग कशासाठी शिकायचंय. ती म्हणाली, 'ताई, मला बसून करायचं काम पाहिजे. कुठलंही. खुर्ची असली पाहिजे.'

माझ्या डोक्यात लगेच मथळा तयार झाला. मी तिला म्हटलं, त्या दुकानाविरुद्ध आपण पत्रक काढू. ती म्हणाली, 'पत्रक नको. नोकरी पाहिजे.'

सुजाता हुशार होती. एक ओळ तिनं पटकन काढली. जाळीपाशी मात्र ती अडली, आणि इतरांसारखी विसरून अडली नाही. ती परत जायलाच तयार नव्हती. मी हात मागे बांधून तिच्या खुर्चीमागे उभी राहिले आणि विचारलं, कासव आत्ता कुठे आहे? ती म्हणाली, उजव्या टोकाला. मग पुढची ओळ कुठून सुरू व्हायला हवी? उजवीकडूनच, ती म्हणाली, तिथेच उभं आहे ना ते. मी म्हटलं, नाही, त्याला पेन उचलून डावीकडे आणायचं आणि मग वर सरकवायचं.

'रिकामं?'

'हो, रिकामं.'

तिनं मान वळवून माझ्याकडे बघितलं. मी काहीतरी न शोभणारं बोलले असल्यासारखं. मग म्हणाली, 'परत जायचंच आहे तर काम करत जाऊ दे की, ताई.'

या वाक्याला माझ्याकडे उत्तर होतं. प्रत्येक शिक्षकाकडे असतं. पण तयार उत्तर द्यायचं नाही हाही माझाच नियम, आणि खरं सांगायचं तर ते वाक्य मला पटलं होतं. कष्ट वाया घालवायचे नाहीत, एकही फेरी फुकट नाही. हे तर आमच्या घरचं बोलणं. मी गप्प राहिले. ते गप्प राहणं तत्त्वाचं होतं की मलाच काही सुचत नव्हतं, हे तेव्हाही कळलं नाही.

तिनं काही रविवार त्यावर घालवले. शेवटी युक्ती काढली. तिनं दोन मजल्यांचा एक जोड केला: खालचा मजला डावीकडून उजवीकडे, टोकाला वर चढून वळायचं, वरचा मजला उजवीकडून डावीकडे. मग तो जोडच्या जोड बाहेरच्या लूपमध्ये. तिनं प्रोग्राम चालवला तेव्हा सगळा हॉल तिच्या मागे गोळा झाला. कासव ठिपके टाकत गेलं, चढलं, ठिपके टाकतच परत आलं, पुन्हा चढलं. साहेब म्हणाले, 'हे तर आपल्या गॅलरीतून चाललंय.' जाळी पूर्ण भरली आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, त्यासाठी हात पुढे आणावे लागले.

त्या जाळीकडे बघून मात्र मला चमत्कारिक वाटलं. रिकामं परत जाणाऱ्या कासवानं काढलेली जाळी आणि हिची जाळी, दोन्ही तंतोतंत सारख्या. पूर्ण झालेल्या चित्राकडे बघून कासव कुठल्या वाटेनं गेलं हे कोणालाही सांगता आलं नसतं. मग मी इतकी वर्षं लोकांना कशासाठी परत पाठवत होते?

यंदा पावसाळ्यात वारज्याच्या क्लासमध्ये मुलांच्या बॅचला मदतनीस हवी होती. क्लास चालवतात ते महाजन सर. शिकवण्यात पक्के, बोलण्यात कोरडे. मी सुजाताचं नाव सुचवलं. ते म्हणाले, 'आपल्या मोर्चातल्या आहेत का?' मी म्हटलं, विद्यार्थिनी आहे. 'मग पाठवा.' त्यांची परीक्षा ठरलेली असते: दिलेल्या आकाराची जाळी काढायची. आकार कुठला, ते आयत्या वेळी सांगतात.

परीक्षेच्या दिवशी सुजाता क्लासच्या जिन्यात भेटली. तिनं दुकानात सुट्टी मागितली होती. तिथल्या मॅनेजरनं सांगितलं होतं, जा खुशाल, पण मग उद्या येऊ नका. आणि ती आली होती. मला संताप आला. मी म्हटलं, मी बोलते त्याच्याशी, असं कसं काढतात. ती म्हणाली, 'आधी परीक्षा होऊ द्या, ताई.' म्हणजे मागचं दार बंद झालेलं होतं आणि पुढचं अजून उघडायचं होतं. त्या जिन्यात मला माझी सगळी तत्त्वं थोडी हलकी वाटली, कारण पगार तिचा जाणार होता.

दुपारच्या दोन बॅचच्या मधली वेळ. पुढच्या बॅचची दोन-तीन मुलं आधीच येऊन बसली होती. महाजन सरांनी सुजाताला खुर्ची दिली आणि सांगितलं, 'त्रिकोण. सगळ्यांची टोकं वर. जाळी भरा.' मी भिंतीला टेकून उभी राहिले, हात मागे.

तिनं न अडखळता लिहिलं. चालवलं. पहिली ओळ सुरेख आली, सगळी टोकं वर. कासव चढलं, वळलं, आणि परत येताना काढलेला प्रत्येक त्रिकोण उलटा लोंबू लागला. तिसरी ओळ सुलटी, चौथी पुन्हा उलटी. ठिपक्याला डोकं आणि पाय नसतात, म्हणून हॉलमध्ये हे कधी दिसलंच नव्हतं. ठिपका कुठल्याही बाजूनं काढा, तो ठिपकाच. त्रिकोण मात्र कासवाचं तोंड जिकडे असेल त्यावर उभा राहतो. कासव उलटं फिरलं की त्रिकोणही उलटतो.

बसलेल्या मुलांपैकी एक म्हणाला, 'भारी दिसतंय.' खरंच भारी दिसत होतं, करवतकाठी लुगड्याच्या काठासारखं. महाजन सर म्हणाले, 'काठ छान आहे. मी लुगडं मागितलं नव्हतं.'

सुजाताचे कान लाल झाले. सरांनी विचारलं की कासव असं उलटं कशाला चालवलंय. तिनं हॉलमध्ये मला सांगितलं होतं तेच सांगितलं, परत जायचंच आहे तर काम करत जाऊ दे. सर माझ्याकडे वळले. 'मॅडम, हे आपण शिकवलंत?'

मग मी बोलले. श्रमाबद्दल, वाया जाणाऱ्या फेऱ्यांबद्दल, शिकणाऱ्याच्या विचाराला मान देण्याबद्दल. सर शांतपणे ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, 'झालं? आता माझं ऐका. प्रत्येक ओळ एकाच जागेवरून सुरू केली की एका ओळीची चूक दुसरीला लागत नाही. दर ओळीला नवी सुरुवात मिळते. इथे एक ओळ जिथे संपली तिथेच पुढचीला उभं राहावं लागतं. मागचीचं जे झालं ते पुढचीच्या माथी. हे मुलांना शिकवू?'

ते वाक्य माझंच होतं. कोणाचीही सुरुवात त्याच्या आधीच्याला कुठे उभं केलं होतं त्यावरून ठरता कामा नये. पप्पांनी हे किती पत्रकांत लिहिलं असेल. प्रत्येक ओळीला नवी सुरुवात. आणि एकही फेरी फुकट नाही. दोन पत्रकं, दोन्ही आमच्या घरची, आणि त्या क्लासमध्ये समोरासमोर उभी. मी कुठल्या बाजूची, हे मला सांगता येईना.

तेवढ्यात सर पुढे वाकले. 'सोपं आहे, इथे एक ओळ घालायची,' असं म्हणत त्यांनी माऊसकडे हात नेला.

सुजाता आवाज न चढवता म्हणाली, 'सर, हात मागे.'

सरांचा हात हवेत होता. त्यांनी आधी त्या हाताकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी भिंतीकडे बघितलं. तिथे आमचा कागद नव्हता. तो नियम आमच्या हॉलचा होता, त्यांच्या क्लासचा नव्हे, आणि नोकरी त्यांच्या क्लासची होती. मला वाटलं, संपलं. दुकान गेलं आणि हेही गेलं.

महाजन सरांनी हात मागे घेतला. मग दुसराही घेतला, पाठीमागे बांधले. 'किती वेळ?'

'कळेपर्यंत,' सुजाता म्हणाली.

ती स्क्रीनकडे बघत होती, पण टाइप करत नव्हती. मग तिनं एक विचित्र गोष्ट केली. उजवा हात छातीशी असा धरला की त्यावर काहीतरी ठेवलेलं आहे. डाव्या हातानं त्यातलं एक उचलून डावीकडे सरकवल्यासारखं केलं. मग ते न दिसणारं ओझं डाव्या हातावर घेतलं, उजव्या हातानं उजवीकडे सरकवलं, आणि मनगट फिरवलं. मुलं खुदखुदली. मला मात्र गॅलरीचा वास आला, ओल्या चुन्याचा आणि फोडणीचा.

पत्रकवाटपात पप्पांचा एक हुकूम होता. पत्रक दाराच्या फटीतून आत सरकवताना मथळा घरातल्या माणसाकडे गेला पाहिजे. जाताना दारं डाव्या हाताला असतात. वरच्या मजल्यावरून परत येताना दारं उजव्या हाताला येतात. गठ्ठा तसाच धरला तर पत्रकं आत उलटी जातात. म्हणून जिना चढला की गठ्ठा फिरवायचा. आम्ही दोघींनी लहानपणी ते इतक्यांदा केलं होतं की पुढे त्याचा विचारच केला नाही. इमारतीचं उदाहरण देताना मी मजले सांगितले, दारं सांगितली, आणि गठ्ठा विसरले.

सुजातानं लिहायला घेतलं. प्रोग्रामात एखाद्या छोट्या कामाला नाव देऊन ठेवता येतं, मग नुसतं नाव घेतलं की ते काम होतं. तिनं कासवाला मागे वळवायच्या कामाला नाव दिलं: गठ्ठा. परतीच्या ओळीत प्रत्येक त्रिकोणाआधी एकदा गठ्ठा, त्रिकोण काढून झाल्यावर पुन्हा एकदा. चालवलं. कासव उजवीकडे गेलं, चढलं, आणि परत येताना दर त्रिकोणापाशी गर्रकन फिरत, सुलटा त्रिकोण काढत, पुन्हा फिरत डावीकडे आलं. सगळी टोकं वर. रिकामी फेरी एकही नाही.

सर हात मागेच ठेवून वाकले. 'गठ्ठा म्हणजे काय?' तिनं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, 'एका ओळीत होणाऱ्या कामाला केवढा खटाटोप. आणि ओळी सात असल्या तर? दोन-दोन मजल्यांच्या जोडीत सातवा बसणार कुठे?'

'सात मजल्यांची इमारत आली की बघू, सर.'

'येणार,' महाजन सर म्हणाले. 'पहिल्याच आठवड्यात आणतो. सोमवारी वेळेवर या.'

तिला नोकरी मिळाली हे आम्हा दोघींना एक क्षण उशिरा कळलं. माझ्या डोक्यात तोवर पत्रक पूर्ण झालं होतं, मथळ्यासकट, आणि समोर विरोधकच उरला नव्हता. इतकी गोंधळलेली मी कधीच नव्हते.

सुजाता गेल्यावर मी सरांना विचारलं की तुम्हाला तिचा मार्ग पटला का. ते म्हणाले, अजिबात नाही, जाळी डावीकडूनच काढायची असते, माझं मत होतं तेच आहे. मग घेतलंत कशाला? त्यांनी चष्मा पुसला. 'मॅडम, मी इथे सगळ्यांचे माऊस हिसकावले आहेत. आपलासुद्धा, आठवत असेल. आपण मला तीन पानी निवेदन दिलं होतंत. माझा हात मात्र कोणी अडवला नव्हता. आता आपला मोर्चा संपला असेल तर बॅच सुरू करू या का?'

संध्याकाळी मी घरी येऊन पप्पांना सगळं सांगितलं. माझी अपेक्षा अशी होती की निदान ते तरी बाजू घेतील. मी विचारलं, रिकाम्या हातानं परत यायचं नाही, हे तत्त्व तुम्ही कुठून घेतलंत? पप्पा पेपर वाचत होते. म्हणाले, 'तत्त्व कसलं? गुडघे दुखायचे माझे. दोनदोनदा गॅलरी कोण तुडवणार?' आणि मथळा घरातल्यांकडे? 'ते मात्र तत्त्व. उलटं पत्रक कोणी वाचत नाही, बाळ.'

ज्याला मी तत्त्व समजत होते ते गुडघे निघाले आणि जी मला नुसती हाताची सवय वाटली ते तत्त्व निघालं.

सुजाता आता वारज्यात मुलांच्या बॅचला असते. पहिल्या आठवड्यात सरांनी सात ओळी आणल्या. तिचा जोड मोडला आणि ती दोन दिवस घुम्यासारखी वागली. मग शेवटच्या ओळीसाठी वेगळी सोय करून ती आली. सर म्हणाले, 'परत गेली असतीस तर हे लिहावंच लागलं नसतं.' ती म्हणाली, 'हो, सर.' आणि परत गेली नाही. तिची एक तक्रार मात्र माझ्याकडे आहे. बॅच चालू असते तेव्हा मुलं बसतात आणि शिकवणारी हात मागे बांधून त्यांच्यामागे उभी असते, तास न् तास. 'ताई, मी बसून करायचं काम मागितलं होतं.' मी सरांशी बोलायला निघाले होते. पण तिनं स्वतःच कोपऱ्यातली खुर्ची ओढून घेतली आहे. अडलेल्या मुलाजवळ ती खुर्ची नेते, टेकते, आणि हात मागे घेते. तिथे टेकायला कोणी मनाई करत नाही.

मागच्या आठवड्यात तिनं मला विचारलं, 'पोरांना कुठलं शिकवू? रिकामं जायचं, की काम करत?' मी म्हटलं, मला माहीत नाही. हे वाक्य मी क्लासमध्ये पहिल्यांदाच उच्चारलं असावं. ती म्हणाली, मग विचारूनच बघते. तिनं मुलांना आमच्या इमारतीचा प्रश्न घातला, लेखाच्या सुरुवातीला तुम्हाला घातला तोच. वारज्याच्या टॉवरमधली मुलं ती. दोन टोकांना जिने असतात हेच त्यांना ठाऊक नव्हतं. त्या हिंजवडीवाल्या चिमुरडीनं हात वर केला. 'टीचर, लिफ्टनं जायचं. लिफ्ट मध्ये असते. मधून सुरू करायचं, आधी इकडे, मग तिकडे.' सगळी बॅच 'हो, हो' करू लागली. सुजातानं माझ्याकडे बघितलं. मी दारात उभ्या असलेल्या सरांकडे बघितलं. सरांचे हात, मी शपथेवर सांगते, मागे होते.

म्हणजे आता वाटा तीन झाल्या. माझी, सुजाताची आणि लिफ्टची. यातली बरोबर कुठली, हे मी या अंकात सांगणार होते. सांगता येत नाही.

मागणी मात्र करते. पत्रकाची सवय आहे. या दिवाळीत तुमच्या घरी कोणीतरी कशाशी तरी झगडत बसलेलं असेल. आई नव्या फोनशी, बायको कॉम्प्युटरवरच्या अर्जाशी, पोरगी गणिताशी. ती अडेल. 'थांब, दे इकडे' हे शब्द तुमच्या ओठांवर येतील आणि हात आपोआप पुढे जाईल. तो मागे घ्या. दुसराही घ्या. ती असं का करते आहे ते विचारा आणि तिचं उत्तर संपेपर्यंत तसेच उभे राहा. ती चुकीच्या टोकाकडून निघाली आहे अशी तुमची खात्री असेल, तर नक्कीच.